विश्लेषण : युद्धात उजवा हात गमावूनही पियानोवादक! पॉल विटगेन्स्टाइन यांनी एका हातासाठीचे संगीत कसे घडवले?

पियानो म्हटले की दोन हात आलेच. तरीही मॉरिस रॅव्हेल या फ्रेंच संगीतकाराचा एक गाजलेला कंचेर्टो असा आहे, की त्यात वादकाने उजवा हात एकदाही पट्ट्यांना लावायचा नसतो. डोळे मिटून ऐकणाऱ्याला मात्र दोन हात, कधी कधी तर तीन हात वाजवत असल्याचा भास होतो. ही रचना झाली ती पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेल्या एका ऑस्ट्रियन वादकाच्या हट्टामुळे. त्यांचे नाव पॉल विटगेन्स्टाइन. त्यांनी नामवंत संगीतकारांकडून केवळ डाव्या हातासाठी रचना लिहून घेतल्या. यातील अनेकांशी त्यांचे कडाक्याचे भांडणही झाले. काही रचना त्यांनी कधी वाजवल्याच नाहीत आणि इतरांनाही वाजवू दिल्या नाहीत. हे संगीत जन्माला कसे आले आणि एका माणसाच्या कपाटातून जगासमोर कसे आले, याविषयी...

पॉल विटगेन्स्टाइन कोण होते?

पॉल यांचा जन्म १८८७ मध्ये व्हिएन्नात झाला. वडील कार्ल हे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील बडे पोलादसम्राट. पैशांची कमतरता नव्हतीच, पण घराची खरी ओळख संगीताची होती. आई लिओपोल्डिन उत्तम पियानो वाजवत. योहान्स ब्राम्स, क्लारा शुमान, गुस्ताव्ह माहलर, रिचर्ड स्ट्रॉस अशा मंडळींचे घरी येणे-जाणे असे. तत्त्वज्ञ लुडविग विटगेन्स्टाइन हे पॉल यांचे धाकटे भाऊ.

या श्रीमंतीला दुःखाची किनार होती. हान्स आणि रुडॉल्फ हे दोन थोरले भाऊ पॉल विशीत येण्याआधीच गेले. रुडॉल्फ यांनी आत्महत्या केली होती. हान्स अमेरिकेत बेपत्ता झाले आणि त्यांनीही तोच मार्ग पत्करल्याचे कुटुंबाने मानले. तिसरे भाऊ कुर्ट यांनी महायुद्धाच्या अखेरीस जीवन संपवले. मुलांनी उद्योग सांभाळावा असा वडिलांचा आग्रह होता, पॉल यांना मात्र पियानोवादकच व्हायचे होते. थिओडोर लेशेटिझ्की या त्या काळच्या अत्यंत नावाजलेल्या गुरूकडे ते शिकले. वडिलांचे निधन जानेवारी १९१३ मध्ये झाले आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला पॉल यांनी व्हिएन्नातील म्युझिकफेराइन सभागृहात वाद्यवृंदासह पहिला मोठा जाहीर कार्यक्रम केला. दोन हातांची त्यांची कारकीर्द त्यानंतर जेमतेम काही महिने टिकली.

उजवा हात कसा गमावला?

१९१४ च्या उन्हाळ्यात महायुद्ध पेटले आणि पॉल घोडदळातील अधिकारी म्हणून आघाडीवर गेले. ऑगस्टच्या अखेरीस, सध्याच्या पोलंडच्या पूर्व भागात, शत्रूच्या हालचाली टिपण्याच्या कामगिरीवर असताना त्यांच्या उजव्या कोपरात गोळी घुसली. रणांगणाजवळच्या रुग्णालयात शल्यचिकित्सकांना हात कापावा लागला. त्याच सुमारास रशियन सैन्याने ते रुग्णालय ताब्यात घेतले. हात गेला त्याच वेळी पॉल युद्धकैदीही झाले.

तिथून कैद्यांचा प्रवास सुरू झाला तो थेट सैबेरियातील ओम्स्कपर्यंत. थंडी, उपासमार आणि साथीचे आजार यांनी कैद्यांच्या छावण्या भरलेल्या होत्या. तिथे पॉल यांनी एका रिकाम्या लाकडी खोक्यावर कोळशाने पियानोच्या पट्ट्या आखल्या आणि डाव्या हाताची बोटे त्यावर आपटत रोज सराव सुरू केला. आवाज अर्थातच येत नव्हता. ओळखीच्या रचनांमधले दोन हातांचे काम एका हातात कसे बसवता येईल, याचा हिशेब ते मनातल्या मनात मांडत होते. कैद्यांची विचारपूस करणाऱ्या डेन्मार्कच्या वाणिज्य दूताच्या प्रयत्नांमुळे पुढे त्यांना पियानो असलेल्या ठिकाणी हलवण्यात आले.

घरी आई-वडिलांच्या मित्रमंडळात योझेफ लाबोर हे अंध ऑर्गनवादक आणि संगीतकार होते. डाव्या हातासाठी काही लिहाल का, अशी विनंती पॉल यांनी त्यांना कैदेतून केली. ती पोहोचेपर्यंत लाबोर यांनी स्वतःहूनच काम सुरू केले होते. जखमी कैद्यांच्या अदलाबदलीत पॉल १९१५ च्या अखेरीस व्हिएन्नाला परतले आणि डिसेंबर १९१६ मध्ये त्यांनी लाबोर यांची रचना वाद्यवृंदासह वाजवली. त्यानंतर ते पुन्हा लष्करी सेवेत दाखल झाले, तेही एका हाताने.

एका हाताने पियानो वाजवणे इतके अवघड का?

आपल्याकडे पेटी वाजवणारा एका हाताने भाता हलवतो आणि दुसऱ्या हाताने स्वर वाजवतो. तरी ऐकणाऱ्याला काही कमी वाटत नाही, कारण आपल्या रागसंगीतात एका वेळी सुरांची एकच रेषा चालते. पाश्चात्त्य अभिजात संगीताची बांधणी वेगळी. त्यात वर सुरावट, खाली खर्जातला आधार आणि मध्ये एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ असे तीन थर असतात. पियानोच्या ८८ पट्ट्यांवर दोन हात हे काम वाटून घेतात. एकच हात उरला की त्याला खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत सतत धावावे लागते.

हे साधते ते मुख्यतः पेडलमुळे. पियानोची पट्टी सोडली की तारेवर नमदा बसतो आणि आवाज थांबतो. पायाखालचे पेडल दाबले की सगळे नमदे उचललेले राहतात आणि तारा गुंजत राहतात. वादक खर्जाचा स्वर वाजवतो, पेडलने तो धरून ठेवतो आणि तेवढ्या क्षणात हात वर नेऊन सुरावट वाजवतो. कानाला दोन्ही एकत्र ऐकू येतात. पेडल क्षणभर जास्त दाबले तर स्वरांचा गोंधळ होतो, लवकर सोडले तर खालचा आधार निसटतो.

यात डाव्या हाताचा एक फायदाही आहे. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडे, म्हणजे उंच स्वरांच्या बाजूला असतो. त्यामुळे सुरावट अंगठ्याकडे येते आणि बाकीची चार बोटे खालची साथ सांभाळतात. एकट्या उजव्या हातावर हेच काम सोपवले तर सुरावट करंगळीवर येईल. डाव्या हातासाठीचे संगीत भरपूर आहे आणि उजव्या हातासाठीचे फारच थोडे, त्याचे हे एक कारण.

त्यांच्याआधी असे संगीत नव्हते का?

होते, पण थोडे. हंगेरीचे काउंट गेझा झिची यांनी किशोरवयात शिकारीच्या अपघातात उजवा हात गमावला होता. पुढे ते फ्रान्झ लिस्ट यांच्याकडे शिकले आणि एका हाताने जाहीर कार्यक्रम करू लागले. बाख यांनी व्हायोलिनसाठी लिहिलेल्या शाकोनचे ब्राम्स यांनी डाव्या हातासाठी रूपांतर केले होते. तरुणपणी उजवा हात दुखावल्यावर रशियाचे अलेक्झांडर स्क्रियाबिन यांनी डाव्या हातासाठी दोन लहान रचना लिहिल्या. लिओपोल्ड गोडोव्हस्की यांनी शोपाँच्या अभ्यासरचनांवर जी कठीण रूपांतरे केली, त्यातील २२ केवळ डाव्या हातासाठी आहेत.

ही सामग्री एकट्याने वाजवण्यासाठी किंवा सरावासाठी ठीक होती. पण कारकीर्द घडते ती मोठ्या सभागृहात वाद्यवृंदासमोर बसून वाजवण्याने आणि तशा रचना जवळजवळ नव्हत्याच. पॉल यांनी त्या विकत घ्यायचे ठरवले.

इतका पैसा कुठून आला?

वडिलांच्या वारशातून. वडिलांच्या संपत्तीचा मोठा भाग परदेशात गुंतवलेला असल्याने युद्धानंतरच्या महागाईतही कुटुंब तगले. शिवाय लुडविग यांनी १९१९ मध्ये आपला संपूर्ण वाटा सोडून दिला आणि तो पॉल, हर्मिने आणि हेलेने या भावंडांच्या नावे केला. एका भावाने साधेपणाने जगण्यासाठी नाकारलेला पैसा दुसऱ्या भावाच्या हाती आला आणि त्यानेही संगीताची वाट सुकर केली.

१९२० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल यांनी एरिक कॉर्नगोल्ड, फ्रान्झ श्मिट, पॉल हिंडेमिथ आणि सर्गेई बोर्टकिविच यांच्याकडे रचना मागितल्या. पुढे रिचर्ड स्ट्रॉस यांनी त्यांच्यासाठी दोन रचना केल्या. १९२९ मध्ये रॅव्हेल यांना विचारणा झाली, त्यानंतर सर्गेई प्रोकोफिएव्ह यांना. मानधन भरघोस असे. त्या बदल्यात ठरावीक वर्षे, काही वेळा तर हयातभर, ती रचना वाजवण्याचा हक्क फक्त आपलाच, अशी पॉल यांची अट असे. दोन हातांच्या वादकांनी या रचना उचलल्या तर आपल्याला कोण बोलावणार, ही भीती त्यामागे होती. ती अगदीच निराधार नव्हती.

रॅव्हेल यांच्याशी वाद कशावरून?

रॅव्हेल स्वतः महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी ट्रक चालवत होते, म्हणजे पॉल यांच्या विरुद्ध बाजूला. आता ते त्याच युद्धात हात गमावलेल्या वादकासाठी लिहीत होते. सुमारे १८ मिनिटांचा हा कंचेर्टो न थांबता एका सलग ओघात वाजतो. सुरुवातीला वाद्यवृंदातील सर्वांत खालच्या स्वरांची वाद्ये अंधारात चाचपडल्यासारखी गुरगुरतात, मग पियानो एकट्यानेच पुढे येतो. मध्ये जॅझचा लहेजा आणि लष्करी कवायतीसारखी लय आहे. शेवटी वाद्यवृंद थांबतो आणि एकच हात सुरावट, खर्ज आणि मधल्या लाटा असे सगळे पेलतो.

रॅव्हेल यांनी ही रचना पॉल यांना प्रथम ऐकवली ती दोन्ही हातांनी वाजवून. पॉल यांच्यावर तिची छाप पडली नाही. पियानोला एकट्याने इतका वेळ वाजवायला लावणे त्यांना पटले नव्हते. वाद्यवृंदाशिवायच वाजवायचे असते तर कंचेर्टो मागवला कशाला असता, असा त्यांचा मुद्दा होता. रचनेचे मोल समजायला काही महिने जावे लागले, हे त्यांनी पुढे स्वतःच मान्य केले. ५ जानेवारी १९३२ रोजी व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला, तेव्हा रॅव्हेल हजर नव्हते.

त्यानंतर काही आठवड्यांनी रॅव्हेल व्हिएन्नाला आले. पॉल यांनी घरी मेजवानी ठेवली आणि पाहुण्यांसमोर कंचेर्टो वाजवला. ऐकता ऐकता रॅव्हेल यांच्या लक्षात आले की पॉल यांनी ठिकठिकाणी मनाप्रमाणे बदल केले आहेत. वाद्यवृंदाच्या काही ओळीही त्यांनी पियानोत ओढून घेतल्या होत्या. रॅव्हेल संतापले. यापुढे लिहिल्याप्रमाणेच वाजवू, असे त्यांनी पॉल यांच्याकडून लेखी मागितले. वादक हा काही संगीतकाराचा गुलाम नव्हे, अशी भूमिका पॉल यांनी घेतली. तो गुलामच असतो, हे रॅव्हेल यांचे उत्तर होते. अखेर समेट झाला आणि जानेवारी १९३३ मध्ये पॅरिसमध्ये रॅव्हेल यांच्या संचालनाखाली पॉल यांनी ही रचना वाजवली. हक्काची सहा वर्षे संपल्यावर १९३७ मध्ये जाक फेव्रिए या फ्रेंच वादकाने ती मूळ संहितेनुसार वाजवली. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅव्हेल यांचे निधन झाले.

कोणत्या रचना त्यांनी वाजवल्याच नाहीत?

हिंडेमिथ यांनी १९२३ मध्ये लिहिलेली रचना पॉल यांना रुचली नाही. मानधन दिले, पण हस्तलिखित कपाटात गेले. प्रोकोफिएव्ह यांनी १९३१ मध्ये चौथा पियानो कंचेर्टो पूर्ण करून पाठवला. त्यातले काहीच आपल्याला उमगत नाही आणि आपण तो वाजवणार नाही, असे पॉल यांनी आभार मानत कळवले. प्रोकोफिएव्ह १९५३ मध्ये वारले, तोपर्यंत या रचनेचा एकही प्रयोग झालेला नव्हता.

पॉल यांची आवड एकोणिसाव्या शतकातील संगीतात रुजलेली होती. नव्या पिढीचे तुटक, टोकदार संगीत त्यांच्या पचनी पडत नसे. त्यांना खरी जवळीक वाटली ती श्मिट यांच्याविषयी. जुन्या वळणाच्या या संगीतकाराने त्यांच्यासाठी दोन मोठ्या रचना वाद्यवृंदासह आणि तीन पंचवादने लिहिली. पॉल यांच्या वादनाविषयीही मतभेद आहेत. त्यांच्या जोमाचे आणि तंत्राचे कौतुक झाले, तसेच त्यांचे वादन कर्कश आणि आडदांड असल्याची टीकाही झाली. ब्रुनो वॉल्टर यांच्या संचालनाखाली १९३७ मध्ये त्यांनी वाजवलेल्या रॅव्हेलच्या कंचेर्टोचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. त्यात ताकदही ऐकू येते आणि चुकाही.

नाझी राजवटीत काय घडले?

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. विटगेन्स्टाइन कुटुंब कधीच ख्रिस्ती झाले होते. पण चारपैकी तीन आजी-आजोबा ज्यू वंशाचे असल्याने नाझी कायद्याने ही भावंडे ज्यू ठरली. ज्या देशासाठी हात गमावला, त्याच देशात पॉल यांना जाहीर वादनाची आणि व्हिएन्नातील संगीत विद्यालयात शिकवण्याची बंदी झाली. त्यातच हिल्डे शानिया या ज्यू नसलेल्या, दृष्टी गमावलेल्या पूर्वीच्या विद्यार्थिनीपासून त्यांना दोन मुली होत्या. वंशशुद्धीच्या कायद्यानुसार हा गुन्हा होता. पॉल स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेत पोहोचले. पुढे त्यांनी हिल्डे यांच्याशी विवाह केला आणि १९४१ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कला आले.

हर्मिने आणि हेलेने या बहिणींना मात्र व्हिएन्ना सोडायचे नव्हते. त्यांना संरक्षण हवे तर कुटुंबाची परदेशातील संपत्ती हवाली करा, असा नाझींचा सौदा होता. १९३९ मध्ये सुमारे १.७ टन सोने आणि इतर मालमत्ता देऊन बहिणींसाठी सवलत मिळवण्यात आली. किती द्यायचे, यावरून भावंडांत टोकाचे वाद झाले. पॉल यांनी मार्गारेट आणि लुडविग यांच्याशी संबंध तोडले आणि तो दुरावा शेवटपर्यंत मिटला नाही.

अमेरिकेतही पॉल थांबले नाहीत. बेंजामिन ब्रिटन या तरुण इंग्रज संगीतकाराने १९४० मध्ये त्यांच्यासाठी डायव्हर्शन्स ही रचना केली. वाद्यवृंदाच्या आवाजावरून तिथेही खटके उडाले, पण जानेवारी १९४२ मध्ये फिलाडेल्फियात पॉल यांनी ती वाजवली. उरलेली वर्षे शिकवण्यात गेली. १९५७ मध्ये डाव्या हाताच्या वादनाचा त्यांचा तीन खंडांचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला. ३ मार्च १९६१ रोजी न्यूयॉर्कजवळ त्यांचे निधन झाले.

मग या रचना जगापर्यंत कशा पोहोचल्या?

दुसऱ्या महायुद्धात उजवा हात गमावलेले जर्मन वादक सिगफ्रीड राप यांनी पॉल यांच्याकडे रचनांच्या प्रती मागितल्या होत्या. आपल्यासारख्याच जखमेचा माणूस मागतो आहे, हे ठाऊक असूनही पॉल यांनी नकार दिला. आपण पैसे देऊन बांधलेल्या घरात दुसऱ्याने का राहावे, अशी त्यांची धारणा होती. राप यांनी प्रोकोफिएव्ह यांच्या पत्नीकडून चौथ्या कंचेर्टोची प्रत मिळवली आणि सप्टेंबर १९५६ मध्ये बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा वाजवला. लिहून २५ वर्षे झाली होती.

अमेरिकेचे लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकाच्या मध्यावर आखडू लागली. ऐन भरातील कारकीर्द थांबली. पुढे गॅरी ग्रॅफमन यांच्याही उजव्या हाताची तीच गत झाली. दोघेही मंचावर परतले ते डाव्या हातासाठीच्या याच संगीताच्या बळावर. जन्मतः उजवा हात नसलेले ब्रिटनचे निकोलस मॅकार्थी २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमधून पदवीधर झाले. केवळ डाव्या हाताने वाजवून तिथली पदवी मिळवणारे ते पहिले पियानोवादक.

हिंडेमिथ यांची रचना मात्र कपाटातच होती. पॉल यांच्या पत्नीच्या निधनानंतर, २००२ च्या सुमारास, अमेरिकेतील घरातून ती हाती लागली. डिसेंबर २००४ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने सायमन रॅटल यांच्या संचालनाखाली तिचा पहिला प्रयोग केला. पियानोवर होते फ्लायशर. पॉल यांच्या हट्टामुळे ही रचना लिहिली गेली आणि त्याच हट्टामुळे ती ८१ वर्षे कोणाला ऐकू आली नाही. अखेर ती वाजवली, ती उजव्या हाताने दगा दिलेल्या दुसऱ्या एका वादकाने.